‘सगळं टाकून देतो’

कोल्हापुरात राजारामपुरीत पीसी जोडून घ्या, नाहीतर शाहूपुरीत, बिल होताना दुकानदाराच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं : "काळजी करू नका साहेब, सगळं टाकून देतो." या ‘सगळं’मध्ये विंडोज असतं, ऑफिस असतं, फोटोशॉप आणि कोरल असतं, वर्षभराचा अँटीव्हायरस असतो, दोन-तीन व्हिडिओ प्लेअर असतात आणि कुणी न मागितलेला ‘पीसी फास्ट’ करणारा एक प्रोग्रॅमही असतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी येतं. पुढच्या दिवाळीपर्यंत मशीन सुरू व्हायला चहा होईल इतका वेळ घेऊ लागतं आणि हवी ती फाइल नेमक्या वेळेला सापडत नाही.

माझं मत याच्या उलट आहे. विंडोजवर टाकण्यासारख्या युटिलिटी, म्हणजे छोटे मदतीचे प्रोग्रॅम, आठ-दहाच, आणि त्याही एकेका कामाच्या. सांगितलेलं काम करावं आणि बंद व्हावं. रोज कोपऱ्यातून ‘तुमचा पीसी धोक्यात आहे’ असं ओरडणारा प्रोग्रॅम म्हणजे भाडं न देता राहणारा भाडेकरू. आधी त्याला बाहेर काढायचं, मग नवं सामान आत आणायचं.

तेव्हा पहिलं काम तपासणीचं. सेटिंग्जमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जवर जा आणि अगदी तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ पाहा. नव्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. तिथे एखादं फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर कुणीतरी डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, ‘इकडे बघू नकोस’ असं सांगून ठेवलंय. बहुतेक वेळा हे क्रॅकचं काम असतं. विंडोज फुकटात चालू करणारी काही साधनं कंपन्यांना अनेक मशीनवरचं विंडोज एकत्र चालू करता यावं म्हणून असलेल्या केएमएस पद्धतीची नक्कल करतात. स्टार्टमध्ये सीएमडी उघडा, ‘एसएलएमजीआर’, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ (/) आणि ‘एक्सपीआर’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. घरच्या मशीनवर ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन’ अमुक तारखेला संपेल असा निरोप आला, तर ती १८० दिवसांची मुदत आहे आणि परवाना तुमच्या नावावर नाही. ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ आलं म्हणजे सगळं धुतल्या तांदळासारखं, असंही नाही. पण पहिला निरोप आला तर दुकानदाराला विचारायला तुमच्याकडे मुद्दा असतो.

वर्षभराचा अँटीव्हायरस काढताना नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. त्याच्या कंपनीचं काढून टाकण्याचं वेगळं साधन असतं, तेही चालवायचं. मशीन रिस्टार्ट केलं की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. घरच्या आणि छोट्या ऑफिसच्या वापराला तो पुरतो.

दुसरं, विंडोजमध्ये आधीच काय आहे ते पाहून घ्यावं. विंडोज आणि व्ही ही बटणं एकत्र दाबून क्लिपबोर्डचा इतिहास एकदा सुरू केला की मागच्या कॉपी केलेल्या ओळी परत मिळतात; २०१८ पासून ही सोय आहे आणि जीएसटी क्रमांक दिवसभर इकडून तिकडे चिकटवणाऱ्यांनाही तिचा पत्ता नसतो. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की स्क्रीनचा हवा तेवढा तुकडा कापता येतो. यासाठी वेगळं काही टाकायची गरज नाही. व्हिडिओसाठी व्हीएलसी टाकावा आणि विषय संपवावा. पॅरिसच्या इकोल सेंत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये तो उगवला आणि आजही फुकट आहे.

फाइली दाबून बांधण्यासाठी सेव्हन-झिप. इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९ पासून चालवलेला हा प्रोग्रॅम दिसायला रुक्ष, पण दोन एमबीच्या आत. विंडोज ११ आता रार आणि सेव्हन-झेड फाइली स्वतः उघडतं, मग हा कशाला? पासवर्डसाठी. विंडोजला स्वतःहून पासवर्डची झिप बनवता येत नाही. इथे एक खोच आहे. सेव्हन-झिपमध्ये झिप प्रकार निवडला तर एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची पद्धत, म्हणून ‘झिपक्रिप्टो’ हा जुना, कच्चा प्रकार आधीच निवडलेला असतो. तो बदलून एईएस-२५६ हा पक्का प्रकार करावा लागतो. पण तशी झिप सीएकडे पाठवली आणि त्यांनी नुसत्या डबल क्लिकने उघडायला घेतली, तर विंडोज एक्सप्लोरर ती उघडत नाही आणि "फाइल खराब आलीय" असा फोन येतो. फाइल चांगली असते. समोरच्या मशीनवर सेव्हन-झिप नसतं. पॅन-आधारची कागदपत्रं पाठवताना सेव्हन-झेड प्रकार निवडावा, ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक करावी आणि पासवर्ड फोनवर सांगावा. त्याच मेलमध्ये पासवर्ड लिहिणं म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणं.

आता ज्याच्याशिवाय मला मशीन अपुरं वाटतं ते : एव्हरीथिंग. नाव मोठं, काम एवढुसं. फाइलचं नाव टाइप करा, अक्षर पडायच्या आत यादी समोर. विंडोजचा स्वतःचा शोध गोगलगायीसारखा का आणि हा इतका चपळ का, याचं उत्तर एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या डिस्क-मांडणीत आहे. अशा डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. एव्हरीथिंग फोल्डरमागून फोल्डर उघडत बसत नाही; तो थेट हा तक्ता वाचतो आणि नंतर डिस्कच्या रोजच्या बदलवहीतून स्वतःला ताजं ठेवतो. लाखो फाइलींची यादी मिनिटभरात तयार होते. इन्स्टॉल करताना ‘एव्हरीथिंग सर्व्हिस’ निवडली की दर वेळी परवानगी विचारली जात नाही.

मराठी नावांची फाइल शोधताना शुद्धलेखन आडवं येतं. कुणी ‘पाटील’ लिहिलेलं असतं, कुणी ‘पाटिल’. दोन्ही हवे असतील तर वेलांटीच्या जागी तारा (*) टाकायचा. पण तारा वापरला की एव्हरीथिंग अख्खं नाव जुळवून बघतो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटीही तारा लागतो. तारा, पाट, तारा, ल, तारा. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट असतात, त्यांच्यावर तो तक्ताच नसतो. ते शोधात हवे असतील तर ऑप्शन्समधल्या इंडेक्सेसमध्ये फोल्डर म्हणून जोडावे लागतात. आणि हा फाइलच्या नावात शोधतो, मजकुरात नाही. ‘न्यू डॉक्युमेंट १’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’ अशी नावं देणाऱ्याला कुठलीच युटिलिटी वाचवू शकत नाही.

डिस्क भरली की लोक ‘क्लीनर’ शोधू लागतात. तो शोध इथेच थांबवा. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची नोंदवही, साफ केल्याने मशीन पळू लागतं, हा समज गेली वीस वर्षं विकला जातोय. रजिस्ट्रीतल्या पडीक नोंदी काढून वेगात फरक जाणवत नाही, चुकून एखादी कामाची नोंद गेली तर मात्र चांगलाच जाणवतो. सीसीक्लीनर हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं साधन. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच कुणीतरी मालवेअर घुसवलं आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचली होती. ज्या साधनाची गरजच नव्हती त्यासाठी ही जोखीम.

त्यापेक्षा जागा कुठे गेली ते बघावं. घरी विझट्री आणि ऑफिसात विनडिरस्टॅट. विझट्री धंद्याच्या वापराला फुकट नाही, म्हणून हा भेद. दोन्ही रंगीत चौकोनांत दाखवतात की कोण किती जागा खातंय. ‘हायबरफिल’ नावाची मोठी फाइल दिसेल, मशीन हायबरनेट करताना रॅममधलं काम उतरवून ठेवायची. ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. ‘विनएसएक्सएस’ फोल्डर दिसेल, त्याला हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या त्याच फाइलींची दुसरी नावं असतात, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो आणि आतलं काही उडवलं तर विंडोजचे अपडेट बसायचे बंद होतात. साफसफाई सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेनेच करावी. तिथल्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. घाईत त्यावर टिक पडली, तर मागच्या वर्षीची सगळी चलनं गेली म्हणून समजा.

डिस्क भरणं परवडलं, मरणं नको. तिची नाडी बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो. जपानी माणसाने बनवलेला हा प्रोग्रॅम उतरवताना पानावर ॲनिमेतल्या मुली दिसल्या तर चक्रावून जाऊ नका. त्या सजवलेल्या आवृत्त्या आहेत, साधी आवृत्ती घ्या. उघडल्यावर निळा चौकोन म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. पण चौकोनावर थांबू नये. खालच्या तक्त्यात तीन ओळी बघायच्या : ०५, सी-५ आणि सी-६. पहिली सांगते की डिस्कने किती खराब जागा बाजूला काढून राखीव जागा वापरल्या. दुसरी, किती जागा वाचताना अडखळतायत आणि निकालाची वाट बघतायत. तिसरी, किती वाचताच आल्या नाहीत. आकडे मुळात हेक्स, म्हणजे सोळाच्या, पद्धतीत असतात, फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमधून ते आपल्या दशमान पद्धतीत आणता येतात. सी-५ शून्याच्या वर गेली की आधी डेटा दुसरीकडे काढायचा, डिस्कची परीक्षा नंतर. लोक नेमकं उलटं करतात : आधी तासन्‌तास स्कॅन चालवतात आणि शेवटचे श्वास मोजणाऱ्या डिस्कला त्यातच थकवतात. सी-७ वाढत असेल तर मात्र दोष बहुधा डिस्कचा नसून ती जोडणाऱ्या साटा केबलचा. शंभर-दीडशे रुपयांची केबल बदलून बघावी. उद्यमनगरातल्या लेथच्या शेजारी ठेवलेल्या मशीनमध्ये तर धूळ आणि थरथर दोन्ही असतात. तिथे तापमानाचाही आकडा बघावा. हार्ड डिस्क पन्नास अंशांच्या वर राहत असेल तर पंख्यात भुसा अडकलाय.

बॅकअपवर कोल्हापुरात वेगळं बोलावं लागतं. इथे पावसाळ्यात लोक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत आली. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात असेल, तर दोन्ही प्रती एकाच पाण्यात जातात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जगभरचा नियम इथे दुसऱ्या जागेच्या बाबतीत अक्षरशः पाळावा. दुकान शाहूपुरीत असेल तर एक डिस्क उंचावरच्या भागात राहणाऱ्या मेहुण्याकडे ठेवावी आणि महिन्याला अदलाबदल करावी.

विंडोजमधली फाइल हिस्ट्री यासाठी पुरेशी आहे. विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्जमध्ये नाही, जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाहेरची डिस्क जोडून ‘टर्न ऑन’ केलं की दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत होते, जुन्या प्रतीही राहतात. मेख अशी की ती फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या जागा आणि लायब्ररी बघते. आपल्याकडची सवय सगळं डी ड्राइव्हवर ठेवायची. ते फोल्डर उजव्या क्लिकने ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ केलं नाही, तर त्याचा बॅकअप होतच नाही आणि हे कळतं ते पाणी ओसरल्यावर.

दोन फोल्डर जुळवून ठेवणारा फ्रीफाइलसिंक वापरणार असाल तर त्यातले ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ हे दोन प्रकार नीट समजून घ्या. मिररमध्ये मूळ फाइल उडाली की प्रतीमधलीही उडते. मूळ फोल्डर कुणी चुकून रिकामं केलं आणि संध्याकाळी मिरर चालवलं, तर बॅकअपही तितकाच स्वच्छ होतो. घरच्यांसाठी ‘अपडेट’ बरा. टॅलीचं फोल्डर चालू असताना कॉपी करू नये. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअप घ्यावा. आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्याही हाताशी असते.

पुराचाच आणखी एक धडा, नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप सुरू होतं. लॅपटॉप भिजला, आतला एसएसडी सुका निघाला आणि दुसऱ्या मशीनला लावला, तर तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल तर? आजच खात्यात जाऊन ती किल्ली छापा आणि घराच्या कागदांच्या फायलीत लावा.

मराठी टायपिंगसाठी काही ‘टाकायची’ गरज नाही, हे सांगून लोकांना पटत नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडा आणि तिच्या पर्यायांत दोन कीबोर्ड दिसतील : इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक. २०१९ पासून फोनेटिक विंडोजमध्येच आहे. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते. गुगल इनपुट टूल्सचं विंडोजवरचं रूप कंपनीने कधीच मागे घेतलंय. डाउनलोडच्या साइटवर फिरणारी त्याची प्रत कुणाच्या हातची आहे ते सांगता येत नाही. ज्याला रोज चार पानं लिहायची आहेत त्याने पंधरा दिवस घालवून इनस्क्रिप्ट शिकावं. स्वर-काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, इतकी सरळ मांडणी आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र काढायला धडपडणाऱ्यांसाठी : शिफ्ट-जे, मग डी, मग य.

खरा गुंता लग्नपत्रिका आणि पॅम्प्लेट छापणाऱ्यांकडे. तिथे श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फाँट अजून राज्य करतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, फाइलीत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात. म्हणून ती फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की भुताटकी दिसते, व्हॉट्सॲपवर चिकटवली तर तीच भुताटकी. पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम पेजमेकर युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत, ओळखत नाही. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची आहे. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच घसरतो. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनमध्ये युनिकोड मजकूर तुटका दिसत असेल तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडा, जोडाक्षरं जागेवर येतात. फुकट फाँटांत ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. फाँट बसवताना नुसतं ‘इन्स्टॉल’ न करता उजव्या क्लिकने ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा, नाहीतर काही जुन्या प्रोग्रॅमना तो दिसतच नाही आणि दोष फाँटला लागतो.

पीडीएफ वाचायला सुमात्रा हलका आणि झटपट. फक्त डिजिटल सहीच्या सातबाऱ्यासाठी किंवा आधारसाठी ॲडोब रीडर लागतो, कारण सही खरी की खोटी हे सुमात्रा सांगत नाही. ॲडोबमध्ये सहीवर प्रश्नचिन्ह येतं, त्याचा अर्थ उतारा बोगस असा नाही. सही देणाऱ्या यंत्रणेवर तुमच्या मशीनचा अजून विश्वास नाही, इतकंच. सहीवर क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग शो सायनर्स सर्टिफिकेट उघडा, डावीकडच्या साखळीत सगळ्यात वरचं ‘सीसीए इंडिया’ निवडा, ट्रस्ट टॅबमध्ये ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबा आणि परत व्हॅलिडेट करा. हिरवी खूण येते. फाइल सरकारी साइटवरून स्वतः उतरवलेली असेल तरच हे करावं. रीडर उतरवताना पानावर आधीच टिक केलेल्या ‘ऑप्शनल ऑफर’ काढायला विसरू नका.

स्कॅनिंगसाठी नॅप्स-२. कुठल्याही स्कॅनरवरून थेट पीडीएफ, पानं मागेपुढे करता येतात, आणि मराठी भाषा जोडली तर छापील मराठी मजकूर ओळखतोही. त्यासाठी ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. पोर्टलवर चढवायचं असेल तर १५० डीपीआय, करड्या रंगात. रंगीत ६०० डीपीआयचा दाखला बनवून मग ‘साइज कमी करून देणारी’ वेबसाइट शोधायची आणि तिच्यावर स्वतःचं आधार चढवायचं, हा उद्योग नको.

हे सगळं उतरवायचं कुठून? सर्चमध्ये वर येणारा पहिला दुवा बहुधा जाहिरात असते आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट तिथेच असतात. विंडोज ११ मध्ये ‘विंगेट’ नावाची सोय आहे. टर्मिनलमध्ये विंगेट इन्स्टॉल आणि प्रोग्रॅमचा आयडी टाइप केला की ती ठरलेल्या जागेवरून फाइल आणते आणि फाइलचा ठसा जुळला तरच बसवते. विंगेट अपग्रेड टाइप केलं की काय काय जुनं झालंय त्याची यादी येते. महिन्यातून एकदा पुरे.

एनीडेस्कबद्दल : दुरुस्तीवाल्याला दुरून मशीन दाखवायला ते चांगलं, पण काम झालं की काढून टाका. ठगांच्या हातात त्याचा इतका वापर झाला की रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. कायमचा पासवर्ड दुरुस्तीवाल्याकडे ठेवू नये. विंडोजमधलं क्विक असिस्ट बरं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू दाबून ते उघडतं आणि दर वेळी नवा कोड लागतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

राहिली जुनी मशीनं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. रुफस या प्रोग्रॅमने विंडोज बसवायचा आठ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवताना ती अट वगळता येते, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढच्या अपडेटची हमी देत नाही, आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या आज्ञाच नाहीत. मार्केट यार्डातलं एखादं मशीन नुसती टॅली आणि छपाई करत असेल, तर त्याची इंटरनेटची केबल काढा, बँक आणि जीएसटी दुसऱ्या मशीनवर न्या, आणि पेन ड्राइव्ह लावण्याआधी तो दुसऱ्या मशीनवर डिफेंडरने तपासून घ्या.